डाव्या कडेचा खांब

"ताई, हा डाव्या कडेचा खांब ठेवायचा की घालवायचा?" छपाईवाल्याने विचारलं, आणि मान वर न करताच तिने "घालवा" म्हणून सांगून टाकलं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओणवी होऊन चित्रातल्या काळ्या आभाळात कुठे पांढरा ठिपका राहून गेलाय का, ते भिंगातून तपासत होती. दीड मीटर रुंदीचं चित्र. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची इमारत, पुढे रिकामा रस्ता आणि रस्त्याच्या कडेची झाडं, वरून पीठ चाळल्यासारखी पांढरी. नऊ दिवसांनी प्रदर्शन होतं आणि दारातून आत आल्याबरोबर पहिलं हेच चित्र दिसणार होतं. "बाकी कसं मोकळं मोकळं आलंय," छपाईवाला आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हाच एक मध्ये कडमडलाय. गाड्या अडवायला रोवतात ना, तसला दिसतोय. पण एकटाच कसा रोवला?" एकटाच कसा, हे तिच्या कानाला खटकलं. त्या रस्त्यावर असले खांब नव्हतेच. नव्हते म्हणून तर तिने ती बाजू निवडली होती. तीन दुपारी त्या इमारतीभोवती घिरट्या घालून तिने फुटपाथवरची झाकणंसुद्धा मोजली होती. भिंग न उचलता, कागदावरूनच सरकवत ती डाव्या कडेपर्यंत आली. खांबाला चपला होत्या.

"थांबा," ती म्हणाली. "घालवू नका."

"ठेवू मग?"

"काहीच करू नका. उद्या सांगते."

"उद्या संध्याकाळच्या आत सांगा हं. परवा चौकटवाला येतोय, आणि तो आला की माझं काही चालत नाही. मेहुणा आहे माझा."

एरवी ती हसली असती. तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. चपलांच्या वर पाय होते, टाचा जुळवलेले. गडद रंगाची पँट असणार, पण या उजेडात गडद कापडंही पांढरट येतात. चेहरा मेणाचा, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. असल्या चित्रात चेहऱ्यावरून कुणी ओळखू येत नाही. पण हात होते. दोन्ही हात छातीसमोर, तळवे एकमेकांकडे वळलेले, मध्ये वीतभर जागा आणि त्या जागेत काहीच नाही. असं उभं राहणारा जगात एकच माणूस आहे, असं काही म्हणता येणार नाही. मोजणी खात्यात पट्टी धरणारे सगळे असेच उभे राहतात. मात्र त्यांच्या हातात पट्टी असते.

बाबा एकतीस वर्षं मोजणी खात्यात पट्टी धरायचे. चार मीटर उंचीची, लाल-काळे आकडे रंगवलेली पट्टी जमिनीवर ओळंब्यात उभी करायची, तिच्यामागे आपण उभं राहायचं, आणि शंभर पावलांवर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या साहेबाचा आकडा वाचून होईपर्यंत हलायचं नाही. माशी बसली तरी नाही. पट्टी बोटभर कलली की आकडा चुकतो, आकडा चुकला की उतार चुकतो, आणि उतार चुकला की अख्ख्या वस्तीचं गटार उलटं वाहतं. हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. जुन्या दुर्बिणींमधून सगळं उलटं दिसायचं, पाय वर आणि डोकं खाली. त्यावर बाबांचा एक ठरलेला विनोद होता. "एकतीस वर्षं साहेबाने मला उलटं टांगलेलं पाहिलंय, बढती कुठून देणार?" आणि आईचं ठरलेलं उत्तर, "साहेबाचं राहू द्या. घरात तरी सरळ उभे राहा, पंखा पुसायचाय." आई गेल्यावर विनोदाचं पुढचं वाक्य म्हणायला कुणी उरलं नाही. तिने एकदा म्हणून पाहिलं होतं. दोघंही हसले, आणि मग बराच वेळ दोघांनी पंख्याकडे पाहिलं.

बसमध्ये खिडकीशी बसून ती वीस आकडे मोजत राहिली. ती सवयच झाली होती. तिचा कॅमेरा साधाच होता, डोळ्याला दिसणारा उजेड टिपण्यासाठी बनवलेला. भिंगापुढे जवळजवळ काळी काच लावली की दिसणारा सगळा उजेड बाहेर अडतो आणि तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त उजेड तेवढा आत येतो. तोही इतका अंगचोरपणे, की भर दुपारच्या उन्हातसुद्धा कॅमेऱ्याचा पडदा वीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. ती काच लावल्यावर कॅमेऱ्यातून तिला स्वतःला काहीच दिसत नसे. म्हणून सगळं आधी ठरवायचं. इमारतीभोवती एक डोळा मिटून चालायचं, दोन दिवस, तीन दिवस. कुठून तिच्या दोन भिंती एकमेकींना खाऊन टाकत नाहीत, कुठून तिची उंची बढाई वाटत नाही, कुठून मागची टाकी तिच्या डोक्यावर टोपीसारखी बसत नाही, हे बघत एकेक पाऊल सरकायचं. शेवटी एक जागा अशी सापडते की तिथून अर्धं पाऊलही हलावंसं वाटत नाही. तिथे तिपाई रोवायची, नजर जुळवायची, मग काच फिरवून लावायची, आंधळं व्हायचं आणि डोळे मिटून मोजायचं. त्या वीस सेकंदांत रस्त्यावरून माणसं जातात, सायकली जातात, एखादी बस जाते, आणि यांतलं काहीही चित्रात उमटत नाही. चालणाऱ्या माणसाला उमटायला सवडच मिळत नाही. तिला हे काम आवडण्याचं खरं कारण हेच होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गजबजलेला चौक वीस सेकंदांत धुऊन निघायचा. उरायची ती इमारत, पांढरी झाडं, काळं आभाळ. कधी एखादा पहारेकरी किंवा बसची वाट बघणारा एका जागी उभा राहिलेला असायचा, त्याचा धूसर डाग उमटायचा. तो ती घरी संगणकावर दोन फटकाऱ्यांत पुसून टाकायची. कोण आहे, हे बघत बसायचं काही कारण नव्हतं.

घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधी संगणक लावला. ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं. वर्षभरात एक्केचाळीस इमारती झाल्या होत्या, आणि प्रत्येकीचं न पुसलेलं मूळ चित्र तिने तारीख घालून ठेवलेलं होतं. विज्ञान शिकलेल्या माणसाला मूळ नोंद फेकवत नाही. ती एकेक उघडून कडा तपासायला लागली. न्यायालयाच्या मागच्या बाजूला, रद्दीच्या गाड्याजवळ: टाचा जुळवलेल्या, हात छातीसमोर. जलतरण तलावाच्या पायऱ्यांपाशी. इस्पितळाच्या नव्या विंगसमोर, दुभाजकावर. ग्रंथालय. बंद पडलेलं चित्रगृह, तिथे तर तो अगदी मध्यावर उभा होता, आणि तिला आठवलं की तिथला पहारेकरी पुसताना मागची जाळी पुन्हा जुळवायला अर्धा तास लागला म्हणून ती त्याच्यावर चरफडली होती. नऊ चित्रं निघाली. त्यांतली आठ तिने स्वतःच्या हाताने पुसली होती. उरलेला एक, टेलिफोन एक्स्चेंजपाशी उभा असलेला, वाचला, कारण तो इतका स्थिर होता की तिलाही खांबच वाटला असणार.

चहा करायला म्हणून ती उठली, आणि पातेलं हातात घेऊन उभीच राहिली. ती कुठे काम करणार हे त्यांना कळायचं कसं, हा प्रश्न तिला पडला तेव्हाच त्याचं उत्तरही तिला ठाऊक होतं. रोज साडेसातला बाबांचा फोन यायचा. जेवलीस का, पाणी आलं का, आणि मग "उद्या कुठे?" ती सांगायची. टेलिफोन एक्स्चेंज, दुपारी. ग्रंथालय, बारानंतर. "बरं," म्हणून ते फोन ठेवायचे. दीड मिनिटाच्या वर हे बोलणं कधी गेलं नव्हतं. बापलेकींना बोलायला काही उरलं नाही की असले प्रश्न विचारतात, अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीत थोडी दयाही होती, वरून खाली बघणारी. ते शहराच्या त्या टोकाला, ती या टोकाला. मधलं सगळं अंतर दोन बस बदलून ते कापत होते, आणि साठ पावलांवर येऊन थांबत होते. पुढे येऊन हाक का मारत नव्हते? पातेल्यात पाणी घालताना तेही तिला आठवलं. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत ते एकदा आले होते, डब्यात उकडलेली अंडी घेऊन, आणि बरोब्बर कॅमेऱ्यासमोर उभे राहून "हे बघ, मीठ वेगळं दिलंय" असं ओरडले होते. "बाबा, मध्ये येताय तुम्ही!" ती म्हणाली होती. इतकंच. आवाज थोडा चढला असेल. आणि त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी, जेवताना, त्यांनी विचारलं होतं, "तुझ्या त्या चित्रांत एकही माणूस कसा नसतो गं?" तेव्हा तोंडात घास होता आणि समजावून सांगायचा कंटाळा आला होता. "या चित्रांत माणसं येत नाहीत, बाबा." "अजिबात?" "अजिबात." त्यांनी मान डोलावली होती. एखादी सोयीची गोष्ट कळल्यावर डोलावतात तशी, हे तिला आत्ता कळत होतं.

तिने नऊ चित्रं तारखेप्रमाणे लावली आणि प्रत्येकातला तो बोटभर तुकडा पडदाभर मोठा केला. आधी तिला बरंच वाटलं. इतकी बारीक, काटेकोर सोबत आपल्याला वर्षभर होती आणि आपण एकटेपणाचं कौतुक करत बसलो होतो, असं काहीसं वाटून तिला हसूही आलं. मग ती आठव्या चित्राशी आली. पाय स्पष्ट होते, चपलेचा पट्टासुद्धा दिसत होता. कमरेच्या वर मात्र रेघा विरघळत गेल्या होत्या, आणि हातांच्या जागी हातच नव्हते. पंख हलवणाऱ्या पाखरासारखा एक पांढुरका फराटा होता. नवव्यात, तीन आठवड्यांपूर्वीच्या, पायही दोनदा उमटले होते. तोल सांभाळायला त्यांनी वीस सेकंदांत एक पाऊल टाकलं होतं. पहिली सात चित्रं ती पुन्हा बघून आली. वाऱ्याने झाडं हलली होती, कॅमेरा हलला असेल, असं म्हणून पाहिलं. पण मागच्या भिंतीची वीट न् वीट धारदार होती. हललं होतं ते एकच.

तिला एक झाड आठवलं. नदीकाठच्या रस्त्यावर सोळा झाडांची रांग तिने टिपली होती, आणि पंधरा पांढरीशुभ्र असताना एक राखाडी उमटलं होतं. निरोगी पान हा न दिसणारा उजेड आतूनच परतवून लावतं, म्हणून ते पांढरं दिसतं; आजारी पानाला ते जमेनासं होतं, आणि डोळ्याला ते हिरवंगार दिसत असतानाच जमेनासं होतं. ती मुद्दाम जाऊन त्या झाडाखाली उभी राहिली होती. काहीही कळत नव्हतं. चार महिन्यांनी ते पिवळं पडलं. तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता, आपल्याला आधी कळलं म्हणून! आता रविवार डोळ्यांपुढे यायला लागले. चहा तूच ओत, म्हणून किटली तिच्याकडे सरकवणं. कप अर्धाच भरून घेणं. वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचणं. दाढी घरी करणं सोडून न्हाव्याकडे जायला लागणं, आणि त्यावर, "तेवढंच कुणीतरी राजकारणावर बोलायला मिळतं." उजवा हात सतत खिशात. या सगळ्याला तिने म्हातारपणाचा आळस म्हटलं होतं, एकदा तर तोंडावर म्हटलं होतं. त्यांनीही ते आनंदाने मान्य केलं होतं. समोरासमोर, दोन फुटांवरून, दर रविवारी तिने जे पाहिलं नाही ते साठ पावलांवरून कॅमेऱ्याने लिहून ठेवलं होतं, आणि तिने ते पुसलंही होतं.

साडेसातला फोन वाजला.

"जेवलीस?"

"आता बसेन. तुम्ही?"

"झालं माझं. पाणी आलं होतं का?"

"आलं होतं." सांगावं का, हा विचार फोन वाजायच्या आधीपासून तिच्या मनात होता. सांगितलं, की ते ओशाळतील. ओशाळले, की येणं बंद. मग रविवार उरतील, खिशातला हात आणि अर्धा कप. नाही सांगितलं, तर उद्याही ते भर दुपारी, उघड्या डोक्याने, उन्हात उभे राहणार, कारण तिला काम करायला ऊनच लागतं. आणि या वेळी पाऊल टाकूनही तोल सावरला नाही तर? ती तेव्हा डोळे मिटून मोजत असेल. सोळा, सतरा.

"उद्या कुठे?" बाबांनी विचारलं.

"धान्याचं गोदाम. रेल्वेच्या मागचं." ती जागा तिने कालच ठरवली होती, दक्षिणेच्या मोकळ्या पटांगणातून; तिथे औषधालाही सावली नव्हती. "उत्तरेच्या बाजूने घेणार आहे," ती म्हणाली. "तिथे झाडं आहेत. दाट."

"उत्तरेकडून?"

"हो."

"आणि वेळ?"

"नेहमीचीच. बारा, साडेबारा."

"अगं चिंगे, त्या वेळी उत्तरेची भिंत सावलीत असते. काळोखी येईल सगळी. शिवाय तिकडून पत्र्याची शेड मध्ये येते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला काय माहीत! एकतीस वर्षं काय गवत उपटत होतो का? त्या गोदामाची जोती मी दिलेल्या आकड्यांवर बसलीत. दक्षिणेकडून घे. कोपऱ्यावरून, दोन्ही भिंती दिसतील अशी."

"झाडं हवीयेत मला," ती म्हणाली. आवाज सपाट ठेवायला तिला कष्ट पडले. "झाडांसाठी घेतेय."

"बघ बाई. चित्र तुझं." फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "पण वाईट येईल."

दुसऱ्या दिवशी ती अकरालाच पोचली. बाबा म्हणाले होते तसंच होतं. उत्तरेची भिंत मरगळलेली, पत्र्याची शेड बरोब्बर मध्ये, आणि इमारतीकडे बघवत नव्हतं इतकी ती त्या बाजूने ठेंगणी आणि बावळट दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने इमारत बाजूला ठेवून जागा शोधली. कॅमेरा कुठे ठेवला तर त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावली येईल? ती झाडांखाली फिरून आली, पाचोळा पायाने बाजूला सारला, एका ठिकाणी जमीन सपाट आहे का ते टाच दाबून पाहिलं. मग ती जागा समोर दिसेल अशा बेताने तिपाई लावली आणि काच न लावताच, लावल्यासारखं करून, वाकून बसली. बाराला पाच मिनिटं कमी असताना शेडच्या मागून बाबा आले. आपल्याच बापाला ती कॅमेऱ्यातून चोरून बघत होती. ते सावकाश चालत होते, पावलं मोजत असल्यासारखे. झाडांखाली आले, वर पाहिलं, तिच्या दिशेला पाहिलं, आणि सावली ओलांडून पुढे गेले. दहा पावलं, बारा पावलं, मोकळ्यावर, जिथून गोदामाचा कोपरा, ती आणि ते स्वतः एका रेषेत येत होते. तिथे त्यांनी चपलेने जमीन चाचपली. टाचा जुळवल्या. हात वर आले.

तिने पडदा उघडला, कारण तो उघडलेला ऐकू गेला नाही तरी ती सरळ उभी राहते तेव्हा उघडला, हे त्यांना कळत असणार. एक, दोन. काच नव्हती, म्हणजे चित्र जळून नुसतं पांढरं होणार होतं, होऊ दे. पाच, सहा. ते खरंच खांबासारखे होते. आठ. नऊला उजवा हात मनगटापासून सुटला. त्यांनी डाव्याने तो धरला. अकराला खांदा. तो आता डाव्यालाही आवरत नव्हता, आणि तरीही ते हलत नव्हते. म्हणजे त्यांच्यातलं जे त्यांचं होतं ते हलत नव्हतं. हनुवटी वर, नजर समोर. तेराला ती चालायला लागली.

ती येतेय हे पाहून त्यांनी आधी मागे वळून बघितलं, तिथे दुसरं कुणी आहे का म्हणून. मग हात खाली गेले, उजवा घाईने खिशात.

"अगं, कॅमेरा टाकून कुठे आलीस? उचलून नेईल कुणीतरी."

"नेऊ दे."

"मी आपला सहज... इकडे काम होतं जरा."

"कसलं काम?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बंद फाटक, पत्र्याची शेड, पाचोळा. कामासारखं कुठेच काही दिसेना. "होतं काहीतरी," ते म्हणाले. कपाळावरून घामाची धार भुवईत उतरत होती.

"छत्री कुठेय तुमची?"

"घरी."

"या उन्हात? आईला तर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा छत्रीशिवाय जाऊ देत नव्हतात."

"छत्री आली असती ना चित्रात." लहान मुलाला समजावून सांगतात तसं ते म्हणाले. "माणसं येत नाहीत म्हणालीस. वस्तू येतात. छत्री वस्तू आहे."

वर्षभर, नऊ दुपारी, त्यांनी हा हिशोब नीट जुळवून पाळला होता. "माणसं येतात, बाबा," ती म्हणाली. "हलणारी येत नाहीत. एका जागी उभं राहिलेलं माणूस येतं."

त्यांनी दूरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. शर्टाची गुंडी सकाळपासून चुकीच्या काजात होती असं संध्याकाळी कळल्यावर माणूस जसा चुळबुळतो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं.

"म्हणजे मी..."

"हो."

"किती?"

"नऊ."

"नऊ चित्रं घाण केली की तुझी! सांगायचं नाहीस का? पुसता येतं ना ते?"

"येतं. आठ पुसली." हे सांगायलाच हवं होतं. "तुम्ही आहात हे कळायच्या आधी."

"बरं केलंस," ते लगेच म्हणाले, मनापासून, आणि तिला ते लागलं. शेडच्या पत्र्यावर कुठलंसं पाखरू नखं वाजवत चाललं होतं. मग बाबांनी खालच्या आवाजात, जणू ही चौकशी साहेबाकडे करायची होती आणि चुकून तिच्याकडे आली होती, विचारलं, "सरळ उभा होतो का?"

"सातांत," ती म्हणाली. "सातांत अगदी ओळंब्यात. छपाईवाल्याला खांब वाटलात."

"खांब?"

"खांब. घालवू का म्हणून विचारत होता."

ते हसले. हसू लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते कानापर्यंत गेलंच. मग हळूहळू ते ओसरलं, कारण आकडे जुळवणं एकतीस वर्षांच्या सवयीचं होतं आणि सातात दोन मिळवल्याशिवाय नऊ होत नाहीत. खिशाचं कापड आतून थरथरत होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हात बाहेर काढून दोघांच्या मध्ये धरला, आवरायचा कसलाही खटाटोप न करता.

"ती दोन दाखव," ते म्हणाले.

कॅमेऱ्यापर्यंत जायला बराच वेळ लागला. तिने पडदा मिटला. उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या, चित्र दिसणाऱ्या काचेवर काहीच दिसेना, तेव्हा तिने पिशवीतलं काळं कापड काढून दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतलं. आत उकडत होतं. बाबांचा श्वास जवळून ऐकू येत होता, आणि त्यांना न्हाव्याच्या पावडरीचा वास होता. तिने कॅमेऱ्यात अजून राहिलेल्या चित्रांतून आधी आठवं काढलं, मग नववं, आणि तो तुकडा मोठा केला. ते चष्मा नाकावर पुढेमागे करत कितीतरी वेळ बघत राहिले.

"इथून कललोय," ते शेवटी म्हणाले. "खांदा जातो आधी, मग हात." दाखवायला त्यांनी बोट काचेवर टेकवलं, पण बोट त्या जागी ठरेना; कधी भिंतीवर, कधी आभाळात. तिने ते आपल्या मुठीत घेतलं आणि जिथे दाखवायचं होतं तिथे धरून ठेवलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सांगतो," बाबा म्हणाले.